होम की प्रो? विंडोज टाकण्याआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

“भाऊ, प्रो मारून द्या.”

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीच्या टेबलावर बसलं की हे वाक्य आठवड्यातून चार-पाचदा तरी कानावर येतं. प्रो कशाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: “ते फास्ट चालते म्हणे.” लॅपटॉप उघडून पाहावं तर आतला परवाना होम सिंगल लँग्वेजचा. त्यावर प्रो टाकलं की कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ उमटतं, ते घालवायला कोणीतरी क्रॅक (परवान्याची तपासणी चुकवणारा प्रोग्रॅम) चालवतं, आणि जुलैत पीक विम्याच्या गर्दीत तेच मशीन बंद पडून परत माझ्यापुढे येतं.

बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी मित्राकडून पेनड्राइव्ह आणायचा, मग विंडोज टाकायचं, आणि मग थम्ब मशीन (आधारसाठी अंगठा घेणारं यंत्र) का चालत नाही ते शोधत बसायचं. खालचा क्रम सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी, कृषी केंद्राचं बिलिंग करणाऱ्यांसाठी आणि घरात पोरांच्या अभ्यासाला एकच लॅपटॉप असलेल्यांसाठी आहे. पहिले तीन टप्पे कागद, पेन आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर होतात. त्यात मशीनमधलं काहीच बदलत नाही, म्हणून ते घाईने उरकू नका.

## आधी तीन शब्द वेगळे करा

विंडोज १० किंवा ११ ही पिढी. २४एच२, २५एच२ हे त्या पिढीतलं व्हर्जन. ते वर्षातून एकदा अपडेटने फुकट येतं. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एज्युकेशन, एंटरप्राइझ या एडिशन, आणि तुमच्या मशीनची एडिशन परवान्यावर ठरते. “माझ्याकडे विंडोज ११ आहे” एवढ्यावरून एडिशन कळत नाही.

होम आणि प्रो यांचा वेग सारखाच असतो. प्रोमध्ये ऑफिसच्या काही सोयी जास्त उघडलेल्या असतात, बस. मशीन रांगत असेल तर बहुधा आत फिरती हार्ड डिस्क आहे किंवा रॅम ४ जीबीच आहे. प्रोवर घालायचे पैसे एसएसडीवर (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला, फरक त्याच दिवशी दिसेल.

## टप्पा १: मशीनवरचं काम लिहून काढा

दिवसभरात त्या मशीनला काय काय जोडता आणि काय काय उघडता, ते ओळीने लिहा: थम्ब मशीन आणि तिची आरडी सेवा (ते यंत्र आधारच्या कामाला जोडणारं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, प्रिंटर, स्कॅनर, टॅली किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर, जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायली, पोरांचे ऑनलाइन तास.

मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: याला प्रो लागतं का? प्रो खरोखर लागतं अशी कामं मोजकी आहेत.

- दुसऱ्या ठिकाणाहून विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने या मशीनमध्ये शिरायचं असेल. होमवरून दुसऱ्या मशीनमध्ये जाता येतं, पण होमच्या मशीनमध्ये असं येता येत नाही.
- शाळा-महाविद्यालयात किंवा पतसंस्थेत सर्व्हर असेल आणि सगळी मशीन त्याच्या डोमेनला (सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या गटाला) जोडायची असतील.
- ग्रुप पॉलिसीने मशीनवर बंधनं घालायची असतील, किंवा हायपर-व्हीवर आभासी मशीन (संगणकाच्या आतच दुसरा संगणक) चालवायची असतील.
- बिटलॉकरने पेनड्राइव्ह किंवा वेगळे ड्राइव्ह कुलूपबंद करायचे असतील.

आरडी सेवा, सहीचं टोकन, टॅली, छपाई, स्कॅनिंग, ब्राउझरमधली सगळी सरकारी संकेतस्थळं होमवर चालतात. माझ्याकडे येणाऱ्या सेवा केंद्रवाल्यांपैकी ज्याला प्रोवाचून अडलं असा एकही मला आठवत नाही.

तपासा: तुमच्या यादीत वरच्या चारपैकी एकही गोष्ट नसेल तर ‘प्रो’ हा शब्द इथेच खोडा.

## टप्पा २: मशीनकडून सहा उत्तरं घ्या

प्रत्येक पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. विंडोज उडाल्यावर ही माहिती पुन्हा मिळवणं जिकिरीचं होतं.

१. एडिशन आणि प्रकार. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट. इथे एडिशन, रॅम, आणि ‘सिस्टीम टाइप’मध्ये ३२ बिट, ६४ बिट किंवा एआरएम (इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीचा प्रोसेसर) दिसेल.

२. परवाना. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलेलं असेल तर परवाना त्या मशीनच्या मदरबोर्डशी बांधलेला आहे. तीच एडिशन त्याच मशीनवर पुन्हा टाकली तर इंटरनेट लागताच आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

३. परवान्याची जात. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. चौकटीत इंग्रजी अक्षरांत एसएलएमजीआर लिहा, एक जागा सोडा, मग तिरपी रेघ आणि तिला जोडून डीएलआय. उघडलेल्या खिडकीत ‘चॅनल’ हा शब्द शोधा. त्याआधी ओईएम असेल तर परवाना मशीनबरोबर आलेला, रिटेल असेल तर सुटा घेतलेला किंवा अपग्रेडचा. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ दिसलं आणि मशीन तुमच्या घरातलं एकटंच असेल, तर कोणीतरी क्रॅक बसवलेला आहे. केएमएसचं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि संस्थेच्या सर्व्हरकडून नव्याने घ्यावं लागतं. घरच्या मशीनला हा सर्व्हर कुठून येणार?

४. प्रोसेसरची पिढी. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. नागपूरहून किंवा पुण्याहून आलेला जुना लॅपटॉप “आय५ आहे” म्हणून घेतला जातो. आय५ या नावावरून पिढी कळत नाही. अबाउटच्या पडद्यावर प्रोसेसरच्या नावात रेघेनंतरचा आकडा पाहा. आय५-७२००यू म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय३-१०११०यू म्हणजे दहावी. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते, एएमडीत साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे.

गेल्या हिवाळ्यात एक ताई मुलीसाठी असाच लॅपटॉप घेऊन आल्या. चकचकीत, विंडोज ११ चालू, १६ जीबी रॅम, आणि प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विकणाऱ्याने तपासणी चुकवून ११ टाकलेलं होतं. लॅपटॉप चालत होता, पण पुढच्या व्हर्जनचं अपडेट काही येत नव्हतं. पैसे देण्याआधी अबाउटचा पडदा पाहिला असता तर भाव निम्म्यावर आणता आला असता.

५. टीपीएम, म्हणजे मशीनमधला सुरक्षेचा भाग. त्याच आरच्या चौकटीत टीपीएम, टिंब, एमएससी असं लिहा. स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० हवं. “टीपीएम सापडत नाही” असं आलं तर आठव्या पिढीपुढच्या मशीनवर ते बहुधा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) बंद असतं; तिथून चालू करता येतं.

६. बायोस मोड आणि डिस्क. आरच्या चौकटीत एमएसइन्फो३२ लिहा, ‘बायोस मोड’ शोधा: यूईएफआय (नवी पद्धत) की लेगसी (जुनी). डिस्क एसएसडी आहे की एचडीडी, ते टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये दिसतं.

सावध: बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी टप्पा ४ मधला रिकव्हरी कीचा भाग वाचा. आधी बदल आणि मग वाचन, असं झालं तर मशीन कुलपाआड जाऊ शकतं.

## टप्पा ३: एडिशन ठरवा

मशीनबरोबर होम सिंगल लँग्वेज आलं असेल तर तेच ठेवा. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर हीच एडिशन असते, आणि “सिंगल लँग्वेज म्हणजे मराठी टाइप होणार नाही” या समजापायी लोक ती काढून टाकतात. बंधन फक्त पडद्यावरच्या मेनूंच्या भाषेला आहे. ती एकच राहते. टायपिंगला बंधन नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा, कीबोर्डमध्ये इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक निवडा, आणि विंडोज कळ व स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करा. अर्ज, ठराव, लग्नपत्रिका, सगळं लिहिता येतं.

प्रो खरंच लागत असेल तर नव्याने विंडोज टाकू नका. होमवरून प्रोवर जायला अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावरूनच वाट आहे: परवाना घ्या, मशीन एकदा बंद-चालू होतं, फायली जागच्या जागी राहतात. उलटी वाट मात्र नाही. प्रोवरून होमवर यायचं तर सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. शंका असेल तर होमवर थांबा. वर जाणं केव्हाही हातात आहे.

एस मोड दिसला तर घाबरू नका. काही स्वस्त नव्या लॅपटॉपवर होम एस मोडमध्ये येतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचं काही बसत नाही, म्हणजे आरडी सेवा नाही, टॅली नाही. स्टोअरमधून एस मोड फुकट काढता येतो. एकदा काढला की परत लावता येत नाही, आपल्या कामात त्याने काही अडत नाही.

सिस्टीम टाइपमध्ये एआरएम असेल तर जपून. या लॅपटॉपची बॅटरी छान टिकते, साधी सॉफ्टवेअर चालतात, पण थम्ब मशीन, टोकन आणि जुन्या प्रिंटरला एआरएमसाठी खास बनवलेले ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) लागतात. तुमच्या थम्ब मशीनच्या मॉडेलसाठी तसा ड्रायव्हर आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय सेवा केंद्रासाठी असा लॅपटॉप घेऊ नका. एडिशन बदलून ही अडचण सुटत नाही.

प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा जुना असेल तर विचार वेगळा करावा लागतो. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. त्यासाठी व्हर्जन २२एच२ आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरून होते. तोवर पुढची सोय लावायची.

थम्ब मशीनचं काम असेल तर पुढची सोय म्हणजे आठव्या पिढीपुढचं मशीन. लोकांचे आधार क्रमांक ज्या मशीनवरून जातात त्यावर अपडेट बंद पडलेली विंडोज ठेवणं मला पटत नाही, आणि टीपीएमची तपासणी चुकवून ११ टाकणंही नाही. अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्टचं धोरण आहे. फार जुन्या कोअर टू ड्युओवर तर २४एच२ सुरूच होत नाही.

पोरांचा अभ्यास, यूट्यूब, अर्ज भरणं, पीडीएफ वाचणं एवढंच असेल तर जुन्या मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट प्रणाली) चांगलं चालतं. त्यातही एडिशन आहेत: एसएसडी आणि ४ जीबीच्या वर रॅम असेल तर सिनेमन, त्याहून अशक्त मशीनला एक्सएफसीई. २२ ही मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेणार आहे. ते पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतं. तसं एक संध्याकाळ चालवा. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग जमलं तरच डिस्कवर टाका.

काय टाकू नये: नावात एन असलेली एडिशन, कारण तिच्यात ऑडिओ-व्हिडिओचे भाग काढलेले असतात. एंटरप्राइझ आणि एलटीएससी, कारण त्यांचे परवाने संस्थांसाठी असतात. आणि ‘लाइट’, ‘गेमर’, ‘सुपरफास्ट’ अशा नावांनी पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या कापीव प्रती तर अजिबात नाही. त्यात डिफेंडर (विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस) काढलेलं असतं, अपडेट बंद असतं आणि आत आणखी काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. दोन-तीनशे रुपयांना मिळणारी ‘लाइफटाइम की’ बहुधा कुठल्या तरी संस्थेच्या परवान्यातून निसटलेली असते. ती केव्हाही बंद होऊ शकते.

तपासा: कागदावर आता एकच ओळ असली पाहिजे. उदाहरणार्थ: विंडोज ११, होम सिंगल लँग्वेज, ६४ बिट. ही ओळ होईपर्यंत डाउनलोड नको.

## टप्पा ४: तयारी

दिवस निवडा. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी, जुलैत पीक विमा. हे दोन महिने टाळा. लाइन जाण्याची वेळ बघून सकाळी बसा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली, डेस्कटॉपला यूपीएस. विंडोज अर्ध्यात असताना लाइन गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

रिकव्हरी की आधी कागदावर. माझ्या हातून एकाचं कायमचं नुकसान होता होता राहिलं, म्हणून हे सविस्तर सांगतो. नव्या लॅपटॉपवर, होम असलं तरी, मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरल्यावर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. एरवी ते कळतही नाही. बायोसमध्ये बदल केला किंवा मदरबोर्ड बदलला की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी की मागतो. एका सेवा केंद्रवाल्या दादांचं तसंच झालं. बायोस अपडेट मीच केलं होतं. की मिळते मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि ते खातं लॅपटॉप विकणाऱ्याने स्वतःच्या मनाने बनवून दिलेलं. पासवर्ड कोणालाच आठवेना. डिस्कमध्ये तीन वर्षांच्या नोंदवह्या. शेवटी विकणाऱ्याच्या जुन्या मोबाइलवर ते खातं उघडं सापडलं आणि की मिळाली. सापडलं नसतं तर त्या फायली गेल्याच होत्या.

म्हणून: खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर बनवा. खात्याच्या पानावर डिव्हायसेसमध्ये जाऊन की उघडा, आकडे वहीत उतरवा, दुसऱ्याकडून वाचून पडताळा.

बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सी ड्राइव्हवर असतात. “माझं सगळं डी मध्ये आहे” म्हणणाऱ्यांचंही निम्मं डेस्कटॉपवर सापडतं. टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, जुने मराठी फॉन्ट, पीएफएक्स फाइलीतलं सहीचं प्रमाणपत्र असेल तर तेही. टोकनमधली सही टोकनमध्येच राहते. बॅकअप दुसऱ्या मशीनला जोडून दोन-चार फायली उघडून पाहा.

ड्रायव्हर. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरून वायफायचा ड्रायव्हर उतरवून ठेवा. विंडोज ११ होम सुरुवातीलाच इंटरनेट मागतं. ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडकाल. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं तर बहुतेक वेळा सुटका होते. इंटेलच्या अकराव्या पिढीपुढच्या लॅपटॉपसाठी रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हरही घ्या, नाहीतर कधी कधी विंडोज टाकताना डिस्क दिसतच नाही आणि लोक “डिस्क गेली” म्हणून नवी विकत आणतात.

डाउनलोड. फक्त मायक्रोसॉफ्टच्या पानावरून. फाइल पाच जीबीच्या वर आहे, रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये बसत नाही. फायबर असलेल्या ठिकाणी जाऊन उतरवा. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा आणि रिकामा, कारण बनवताना त्यातलं सगळं पुसलं जातं. फायली ठेवून वरून विंडोज टाकायचं असेल तर डाउनलोडची भाषा आधीच्या विंडोजच्या भाषेशी जुळली पाहिजे. इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि इंग्लिश इंटरनॅशनल इथे वेगवेगळ्या धरल्या जातात.

## टप्पा ५: विंडोज टाकणं

१. थम्ब मशीन, टोकन, प्रिंटर, जास्तीची हार्ड डिस्क, सगळं काढा. एकच डिस्क समोर असली की चुकीची पुसली जात नाही.

२. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर यूईएफआय लिहिलेला निवडा.

३. की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा. एडिशनची यादी आली तर कागदावरची ओळ बघून तीच निवडा. यादी आलीच नाही तर मशीनच्या बायोसमधल्या कीने एडिशन स्वतः ठरवली आहे. ते बरोबरच आहे.

४. डिस्कच्या पडद्यावर हात आवरा. जुनं सी ओळखा आकारावरून, कारण इथे सी-डी ही अक्षरं दिसत नाहीत. या पडद्याचाही फोटो काढा, मगच डिलीट.

सावध: “डिस्कवर एमबीआर टेबल आहे, विंडोज टाकता येत नाही” असा संदेश आला की अनेक जण सगळे भाग डिलीट करून टाकतात आणि डी ड्राइव्ह हकनाक जातो. थांबा, बाहेर पडा. एमबीआर ही डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी. डिस्क जीपीटी करायची तर बॅकअप पक्का आहे याची पुन्हा खात्री करून, शांतपणे.

## टप्पा ६: गिऱ्हाईक घेण्याआधी

अ‍ॅक्टिव्हेशनचं पान आधी पाहा. “अ‍ॅक्टिव्ह” नसेल तर टप्पा २ मधला फोटो उघडून एडिशन जुळवा. दहापैकी नऊ वेळा तिथेच गफलत असते. क्रॅककडे वळू नका.

मग विंडोज अपडेट, ते संपून मशीन बंद-चालू झाल्यावर ड्रायव्हर, मग आरडी सेवा, मग टोकन, मग प्रिंटर. एकेक जोडा आणि एकेक चालवून पाहा: स्वतःचा अंगठा लावा, एका पीडीएफवर सही करा, एक पान छापा, एक जुनी मराठी फाइल उघडा. चारही एकदम जोडली आणि काही अडलं तर कोणामुळे अडलं ते कळत नाही. जुन्या फाइलीत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर फाइल बिघडलेली नाही, फॉन्ट टाकायचा राहिलाय.

नवी रिकव्हरी की खात्यात आली का ते पाहून वहीत उतरवा, जुनी खोडा. पुन्हा विंडोज टाकल्यावर की बदलते. बॅकअप निदान महिनाभर तसाच ठेवा. पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून एडिशन, व्हर्जन आणि तारीख लिहा, आणि तो लॅपटॉपच्या बिलासोबत एकाच पाकिटात घाला.